नामावलीत फक्त ‘डेव्हिड’

जुना हिंदी चित्रपट सुरू झाला की आधी पडद्यावर नावे येतात. पहिल्यांदा नायक आणि नायिका, मोठ्या अक्षरांत. मग खलनायक. मग लहान अक्षरांत पाचसहा जणांची दाटी. त्या दाटीत चाळीसएक वर्षे एक नाव येत राहिले : डेव्हिड. त्याला मागे-पुढे काही जोडलेले नसे. पाहणाऱ्यांना वाटे, कोणी ख्रिस्ती गृहस्थ असतील. आपल्या लोकांच्या घरांत मात्र त्या नावाचे उरलेले दोन शब्द पुष्कळांना ठाऊक होते : अब्राहम चेऊलकर.

मुलांनो, हे नाव सावकाश वाचा. पहिले नाव स्वतःचे, मधले वडिलांचे आणि शेवटचे गावाचे, ही महाराष्ट्राची रीत. पहिली दोन नावे तोराह-तनाखमधून आलेली आणि तिसरे कोकणातून. चेऊल म्हणजे आजचे चौल. अलिबागपासून जवळच, पूर्वीच्या कुलाबा जिल्ह्यातले आणि आताच्या रायगडमधले हे गाव एके काळी मोठे बंदर होते. पेणचे ते पेणकर, रोह्याचे ते रोहेकर, किहीमचे ते किहीमकर, तसे चेऊलचे ते चेऊलकर. तेलाचे घाणे चालवणारे आणि शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून शेजारी ज्यांना शनिवार तेली म्हणत, त्या आपल्या पूर्वजांची ही गावे. इस्राएलात आल्यावर काही घरांनी आडनावे बदलली. आपल्याकडे तसे झाले असेल, तर जुने आडनाव आजी-आजोबांना विचारून घ्यावे. त्यातच गावाचा पत्ता असतो.

डेव्हिड यांचा जन्म १९०९ सालचा. तोपर्यंत कोकणातील कितीतरी बेने इस्राएल कुटुंबांनी घाणा सोडून शहर धरले होते. शहरात पोस्ट, रेल्वे, कस्टम, पोलीस, पलटण, शाळा आणि इस्पितळे अशा ठिकाणी नोकऱ्या मिळत. ठराविक पगार, निवृत्तीनंतर पेन्शन आणि समाजात मान, यापलीकडे आईबापांचे मागणे नसे. मुलगा मॅट्रिक झाला तरी घरात आनंद होई. डेव्हिड तर १९३० साली मुंबई विद्यापीठाचे बी. ए. झाले.

पण ते साल वाईट निघाले. अमेरिकेत सुरू झालेली मंदी मुंबईच्या गोदीपर्यंत आणि कचेऱ्यांपर्यंत येऊन पोहोचली होती. नोकरकपात चालली होती, नव्या जागा निघत नव्हत्या. पदवीधर तरुण अर्ज खरडत आणि उत्तराची वाट पाहत. डेव्हिड यांना जवळजवळ सहा वर्षे नोकरी मिळाली नाही. एकवीस ते सत्तावीस, म्हणजे माणूस ज्या वयात घर उभे करतो ती सहा वर्षे. सरकारी लॉ कॉलेजातून त्यांनी कायद्याची पदवीही मिळवली. म्हणजे शिक्षण कमी पडत होते असे मुळीच नाही.

त्यांना ओढ होती ती नाटकाची. कचेरीत जागा मिळत नाही म्हटल्यावर त्यांनी त्या ओढीमागे जायचे ठरवले. आज हे वाक्य सहज लिहिता येते. त्या काळी ते घरात सांगणे अवघड होते. नाटक-सिनेमात जाणे म्हणजे बिघडणे, असे सगळ्याच समाजांत मानत. आपला समाज लहान. कोणाचा मुलगा काय करतो हे शब्बाथला मशिदीत सर्वांना समजे. (आपले जुने लोक सिनेगॉगला मशीद म्हणत, हे लक्षात ठेवावे, नाहीतर आजीच्या गोष्टी समजणार नाहीत.) तरी या वाटेवर आपले कोणीच गेले नव्हते असे नाही. हिंदीतील पहिला बोलपट ‘आलम आरा’ १९३१ साली आला, तो जोसेफ डेव्हिड पेणकर यांच्या नाटकावरून, आणि ते बेने इस्राएलच होते. बगदादी यहुद्यांतील रूबी मायर्स ‘सुलोचना’ या नावाने आधीच देशभर गाजत होत्या. सुलोचना सुंदर होत्या, जोसेफ डेव्हिड लेखणीचे धनी होते. या बी. ए. झालेल्या तरुणाकडे काय होते? उंची बेताची, अंग गोल, आणि पुढे डोक्यावरचे केसही गेले. नायक व्हायला लागते त्यातले काहीच नव्हते.

नट नायमपल्ली यांच्याशी त्यांची मैत्री होती. त्यांच्या ओळखीने १९३७ च्या जानेवारीत डेव्हिड यांचा दिग्दर्शक मोहन भवनानी यांच्याकडे प्रवेश झाला आणि ‘झांबो’ नावाच्या जंगलपटात त्यांना काम मिळाले. १९४१ साली बॉम्बे टॉकीजचा ‘नया संसार’ आला. वर्तमानपत्राच्या कचेरीत घडणारी ही कथा ख्वाजा अहमद अब्बास यांची होती. अब्बास आणि डेव्हिड पुढेही बरोबर राहिले. अब्बास यांचा ‘मुन्ना’ १९५४ सालचा. त्यात एकही गाणे नव्हते, आणि हिंदी चित्रपटात हे धाडसच होते. १९६३ चा ‘शहर और सपना’ मुंबईच्या बेघर माणसांविषयी होता आणि त्याला राष्ट्रपतींचे सुवर्णपदक मिळाले. दोन्हींत डेव्हिड आहेत. इप्टा या लोकनाट्य चळवळीशीही त्यांचा संबंध आला. गरिबांच्या गोष्टी सांगणाऱ्या मंडळींत हे हसऱ्या चेहऱ्याचे गृहस्थ कसे, असे कोणाला वाटेल. सहा वर्षे रिकाम्या खिशाने मुंबईत फिरलेल्या माणसाला ती मंडळी परकी वाटण्याचे कारण नव्हते.

चित्रपटात दुय्यम कामे करणाऱ्याचे जिणे कसे असते, हे थोडे सांगायला हवे. नायकाच्या तारखा आधी ठरतात आणि बाकीच्यांनी त्याप्रमाणे यायचे. सकाळी तोंडाला रंग लावून बसायचे आणि आपली पाळी दुपारी येईल की संध्याकाळी, ते सांगता यायचे नाही. मालाड, चेंबूर, परळ, महालक्ष्मी अशा शहराच्या निरनिराळ्या टोकांना स्टुडिओ. आज एका चित्रपटात वकील, उद्या दुसऱ्यात शेजारी, परवा तिसऱ्यात डॉक्टर. चित्रपट चालला तर नायकाची किंमत वाढते; पडला तर दुय्यम नटाला बोलावणे कमी होते. विनोदी नटाच्या डोक्यावर आणखी एक ओझे असते. लोकांनी हसलेच पाहिजे, आणि तेही कथेचा धागा न तुटता. कित्येक विनोदी नट म्हणून एक लकब धरून बसतात : तोतरे बोलणे, दारुड्याची चाल, विचित्र टोपी. डेव्हिड यांनी असे काही धरले नाही. चेहरा स्वच्छ, उच्चार स्वच्छ, डोळ्यांत जरासा खट्याळपणा. ते पडद्यावर आले की घरातला कोणी वडीलधारा आल्यासारखे वाटे आणि प्रेक्षक आधीच सैल होऊन बसत. त्यानंतर त्यांना फारसे काही करावे लागत नसे. हे दिसायला सोपे दिसते. हुबेहूब करून पाहणाऱ्यांना जमले नाही.

सतरा वर्षे अशी गेली आणि १९५४ साली ‘बूट पॉलिश’ आला.

राज कपूर यांच्या आर. के. फिल्म्सचा हा चित्रपट. दिग्दर्शक प्रकाश अरोडा. यात नायक-नायिका नाहीत, निदान मोठी तरी नाहीत. भोला आणि बेलू ही लहान भावंडे, आई वारलेली. काकूच्या ताब्यात सापडलेली ही मुले भीक मागतात आणि मिळालेले पैसे काकू काढून घेते. मुलांची कामे रतन कुमार आणि बेबी नाझ यांनी केली. झोपडपट्टीत त्यांना एक माणूस भेटतो, जॉन चाचा. हेच आपले डेव्हिड. तो मुलांना सांगतो की हात पसरायचा नाही, काम करायचे. मुले काकूपासून लपवून एकेक पैसा साठवतात आणि ब्रश-पॉलिश घेऊन रस्त्यावर बसतात. मुलांच्या चिमुकल्या मुठीत काय आहे असे विचारणारे, रफी आणि आशा भोसले यांनी गायिलेले गाणे ज्यांनी ऐकले आहे, त्यांच्या डोळ्यांसमोर डेव्हिडच येतात.

आता गंमत अशी की हा उपदेश करणारा जॉन चाचा स्वतः चोरून दारू विकतो. त्या वेळी मुंबई राज्यात दारूबंदी होती, म्हणजे तो सरळ गुन्हेगार होता. एखाद्या सामान्य लेखकाने चाचाला साधुपुरुष केले असते आणि सामान्य नटाने तो आणखी गोड केला असता. डेव्हिड यांचा जॉन तसा नाही. आपण चुकीच्या मार्गावर आहोत हे त्याला माहीत आहे, आपल्याला आता मार्ग बदलता येणार नाही हेही माहीत आहे, आणि म्हणूनच ही दोन पोरे तरी वाचावीत अशी त्याची धडपड आहे. हे तो कुठे बोलून दाखवत नाही. मुलांकडे पाहताना त्याचा चेहरा कसा हलतो त्यावरून समजते.

पुढे पोलीस त्याला धरतात. तुरुंगातला प्रसंग या चित्रपटातला सर्वांत हसवणारा आहे. टकल्या कैद्यांची एक फौज जमली आहे, मध्यभागी डेव्हिड यांचे तुळतुळीत डोके, आणि सगळे मिळून आभाळातल्या ढगांना बोलावतात, जणू पाऊस पडला की डोक्यावर पीक येणार! मन्ना डे यांच्या आवाजातले हे गाणे खऱ्या शास्त्रीय रागात बांधलेले, शंकर-जयकिशन यांच्या संगीतातले. डेव्हिड ते एखाद्या दरबारी गवयाच्या थाटात गातात, हातवारे, तान, समेवर मान, सगळे जागच्या जागी. ज्या टकलामुळे नायकाची दारे बंद झाली होती, त्याच टकलाने त्यांना हे गाणे मिळवून दिले.

आणि पाऊस येतो. भर पावसात कोण बुटांना पॉलिश करून घेणार? चाचा तुरुंगात, मुलांचा धंदा बंद, पोटात अन्न नाही. जे मागताना आपण पोट धरून हसलो तेच मुलांवर संकट होऊन कोसळते.

चित्रपटाला १९५५ चा सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा फिल्मफेअर पुरस्कार मिळाला. नाझ हिच्या कामाची कान महोत्सवात खास नोंद झाली. फिल्मफेअर पुरस्कार त्याच्या आदल्या वर्षी सुरू झाले होते, पण सहाय्यक भूमिकांसाठी तेव्हा काही नव्हते. तो पुरस्कार १९५५ साली प्रथम ठेवण्यात आला. नटीमध्ये तो ‘बादबान’साठी आपल्या मराठी रंगभूमीच्या उषा किरण यांना मिळाला आणि नटांमध्ये डेव्हिड अब्राहम यांना. लहान अक्षरांतल्या नावांसाठी काढलेला तो पहिला मान चेऊलकरांच्या घरात आला.

यानंतर नायकाची भूमिका मिळाली असे समजू नये. मिळाली नाही. चाचा, मामा, डॉक्टर, मुनीम, शेजारी, हीच कामे पुढेही आली, फक्त जास्त आली. सगळे मिळून शंभराहून अधिक चित्रपट झाले. पण पडद्याबाहेर त्यांचे एक दुसरे काम सुरू झाले होते. इंग्रजी, हिंदी, उर्दू, मराठी या भाषांत त्यांची जीभ सारखी चाले, आणि चित्रपटसृष्टीचा कोणताही मोठा समारंभ, पुरस्कारांचा असो की मदतनिधीचा, सूत्रसंचालनासाठी डेव्हिड यांना बोलावल्याशिवाय होत नसे. मंचावर मोठमोठे नट मागे बसलेले आणि पुढे ध्वनिक्षेपकाशी हे ठेंगणे गृहस्थ, सभा हातात धरून उभे. शिकलेले आणि न वापरलेले कायद्याचे ज्ञान कुठे कामी आले असेल तर ते इथे : नेमके बोलायचे, थोडके बोलायचे, कोणाला न दुखावता टोपी उडवायची. वेटलिफ्टिंगच्या स्पर्धांतही ते पंच म्हणून काम पाहत. त्या आडदांड गड्यांच्या शेजारी ते कसे दिसत असतील याची कल्पना करावी! १९६९ साली भारत सरकारने त्यांना पद्मश्री दिली.

या काळात आपला समाज मुंबईतून निघाला होता. १९५० नंतर कुटुंबामागून कुटुंब इस्राएलला गेले. डोंगरी, मांडवी, भायखळा, ठाणे, पनवेल इथली घरे रिकामी झाली, मशिदींत मिन्यान जमवणे कठीण होऊ लागले. लोद, रामले, दिमोना, बेएरशेबा, अश्दोद इथे नवी घरे झाली. डेव्हिड गेले नाहीत. त्यांचे काम भाषेचे होते, आणि ती भाषा बोलणारा प्रेक्षक मुंबईत होता. चाळिशी ओलांडलेल्या विनोदी नटाने हिब्रू शिकून पुन्हा लोकांना हसवायचे, हे बोलायलाही सोपे नाही. इकडे आलेल्यांना हिंदी चित्रपट दिसे तेव्हा त्यात डेव्हिड दिसत. मागे राहिलेला नातलग भेटावा तसे.

पडद्यावर मात्र ते आपले म्हणून क्वचितच ओळखू आले. ‘बूट पॉलिश’मध्ये ते जॉन. ‘सत्यकाम’मध्ये पारशी रुस्तम. ‘बातों बातों में’मध्ये वांद्र्याच्या ख्रिस्ती घरातले अंकल टॉम. ‘चुपके चुपके’मध्ये हरिपद भैया, पक्के हिंदू. हृषीकेश मुखर्जी यांच्या ‘अनुपमा’त त्यांचे नाव मोजेस आहे, नाव तरी आपल्यातले, एवढेच समाधान. हिंदी चित्रपटाला बेने इस्राएल माणूस कसा दाखवावा हे कधी समजलेच नाही. कोकणातल्या माणसासारखा बोलणारा, नारळाच्या दुधात सांदणे करणारा, शुक्रवारी संध्याकाळी दिवा लावणारा असा यहुदी कथेत घातला, तर तो आधी समजावून सांगावा लागला असता. त्यापेक्षा जॉन सोपा. डेव्हिड यांनी याबद्दल तक्रार करण्याऐवजी प्रत्येक घरात शिरून त्या घरचे होऊन दाखवले. हा त्यांचा मोठेपणा म्हणावा की आपल्या हातून काहीतरी निसटले म्हणावे, हे वाचणाऱ्याने ठरवावे. दोन्ही खरे असू शकते.

मुखर्जी यांनी त्यांना शेवटपर्यंत सोडले नाही. ‘अभिमान’मधले १९७३ सालचे त्यांचे काम लहान आहे, पण पाहण्यासारखे. नवरा नावाजलेला गायक, लग्न नुकतेच झालेले. स्वागतसमारंभात नवरा-बायको मिळून गातात आणि सगळे टाळ्या वाजवतात. गाण्याचे जाणकार ब्रिजेश्वर म्हणजे डेव्हिड, यांच्या एकट्याच्या लक्षात येते की बायको नवऱ्यापेक्षा सरस गाते, आणि हे या संसाराला जड जाणार. नेहमी हसणाऱ्या त्या चेहऱ्यावर तेवढ्यापुरती काळजी दिसते. पुढची सगळी कथा तिथेच कळून चुकते.

डेव्हिड यांनी लग्न केले नाही. अखेरच्या दिवसांत ते कॅनडात नातलगांजवळ राहायला गेले, आणि १९८१ साल संपून १९८२ लागत असताना टोरांटोत वारले. चेऊलपासून दूर आणि यरुशलेमपासूनही दूर. वय सुमारे बहात्तर.

त्याच्या दोन-अडीच वर्षे आधी, १९७९ साली, ‘गोलमाल’ आला होता. आजही तो घरोघर लागतो, आणि या वर्गातील पुष्कळ मुलांनी डेव्हिड यांना पाहिले असेल तर त्यातच. रामप्रसाद नावाचा परीक्षा पास झालेला तरुण नोकरी शोधतो आहे. घरात बहीण, डोक्यावर आईबाप नाहीत. डॉक्टर केदार हे काम डेव्हिड यांचे. ते त्याला जवळ बसवून समजावतात की भवानीशंकरांच्या कचेरीत जागा आहे, पण म्हातारा विक्षिप्त आहे. त्याला आजकालची पोरे, त्यांचे कपडे, त्यांचे खेळ आणि सिनेमे आवडत नाहीत. तेव्हा तसे जायचे नाही. रामप्रसाद केसांना तेल चोपडतो, तोकडा कुडता घालतो आणि खेळांतले काहीच माहीत नसल्याचा आव आणतो. आपण सगळे हसतो. डॉक्टर केदार मिस्कील हसत तो सल्ला देतात. नोकरीसाठी वणवण करणाऱ्या पदवीधर पोराला काय सांगावे हे शोधायला त्यांना फार लांब जावे लागले नसावे.

पुढच्या वेळी तो चित्रपट लागला की नामावली पुढे ढकलू नका. लहान अक्षरे वाचा.